खाद्य मेळाव्याच्या स्टॉलला भाडं किती? आधी स्टॉलवाल्याचा गल्ला मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं दिसतंय की कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडच्या बाजूला तुमची १६० घरांची कॉलनी, जानेवारीत शनिवार-रविवार दोन संध्याकाळ खाद्य मेळावा घ्यायचाय, २० स्टॉल काढलेत, कमिटीनं एका स्टॉलला दोन दिवसांचे ३००० ठरवले आणि आता स्टॉलवाले एक तर फोन उचलेनात नाहीतर "हजार घ्या आणि विषय संपवा" म्हणायला लागलेत. कमिटीतल्या एकाचं म्हणणं भाडं नकोच, विक्रीवर २० टक्के घेऊया. आणि बचत गटाच्या ताई म्हणतात आम्ही घरातलेच, आम्हाला कसलं भाडं. तर यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठनं बोलतोय ते कळंल. पेठेतल्या आमच्या मंडळाचा मेळावा आणि आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक, असे दोन्हीकडचे स्टॉल गेली १३ वर्षं माझ्याकडं आहेत. त्याच्या आधी चार वर्षं मी आणि मेव्हणा मिळून स्वतः जत्रा-प्रदर्शनात कट वड्याचा स्टॉल टाकत होतो. त्यामुळं भाडं मागणारा पण मी आणि भाड्यावरनं भांडणारा पण मीच. दोन्ही बाजूच्या शिव्या खाऊन झालेत.

तुमची गोम ३००० मध्ये नाही, २० मध्ये आहे. स्टॉल जास्त काढलेत. कसं ते बघा.

१६० घरं म्हणजे लहानथोर धरून सहा-साडेसहाशे माणूस. त्यातले सगळे येत नाहीत, पण पाहुणे, मित्रमंडळी, शेजारच्या कॉलनीतले येतात, तेव्हा एका संध्याकाळी साडेसातशे धरा. तुम्ही लिहिलंय अडीच हजार येतील, पण हा आकडा कमिटीच्या मीटिंगमधला असतो, मैदानातला नसतो, आमच्याकडं पण पहिल्या वर्षी असाच निघाला होता. आता माणशी खाण्याचा खर्च. चौघांचं कुटुंब अशा ठिकाणी साडेतीनशे-चारशेच्या आसपास उडवतं, म्हणजे माणशी ९० धरा. साडेसातशे गुणिले नव्वद, ६७,५०० रुपये. एका संध्याकाळी तुमच्या मैदानात खाण्यावर एवढाच पैसा फिरणार, स्टॉल दहा असोत नाहीतर पन्नास. हा पैसा २० जणांत वाटला तर एकाच्या वाट्याला ३३७५ आले.

आता त्या माणसाच्या जागेवर बसा. माल साधारण निम्म्यात जातो, १६०० धरा. दोन पोरं कामाला, प्रत्येकी ६००, झाले १२००. टेम्पो, गॅस, डिशा मिळून ५००. उरले ७५ रुपये. आणि तुम्ही त्याच्याकडं दिवसाला १५०० भाडं मागताय. तो फोन कशाला उचलंल हो? त्यानं हा हिशेब कागदावर केलेला नसतो पण त्याच्या डोक्यात तो दोन मिनिटात होतो, "कॉलनी केवढी, स्टॉल किती" एवढे दोनच प्रश्न तो विचारतो आणि गप्प होतो.

तेच १२ स्टॉल करा. एकाचा गल्ला ५६०० च्या पुढं जातो. माल २७००, पोरं १२००, टेम्पो-गॅस ५००, हातात बाराशेच्या आसपास उरले. त्यातनं तुम्ही ६०० घेतले तर सहाशे त्याला सुटतात. संध्याकाळभर उभं राहून सहाशे म्हणजे काय लई नाही, पण कॉलनीत ओळख होते, वाढदिवसाच्या ऑर्डरी मिळतात, म्हणून तो येतो. म्हणजे दोन दिवसांचे १२००. हे विक्रीच्या दहा-अकरा टक्के पडतंय, आणि माझा तेरा वर्षांचा अंदाज असाय की भाडं विक्रीच्या १०-१२ टक्क्यांच्या आत असलं की माणूस हसत देतो, पंधराच्या पुढं गेलं की घासाघीस चालू होते आणि वीसला तो एक तर येत नाही किंवा आला तर वडा सुपारीएवढा करतो. वसूल तर कुठूनतरी करणारच की.

आमच्या पहिल्या वर्षाचं सांगतो. २२ स्टॉल लावलेले, कुणाला नाही म्हणायचंच नाही असं ठरलेलं, त्यात चार पावभाजी आणि तीन भेळ. रात्री साडेआठला मी फेरी मारत होतो तर शेवटच्या कोपऱ्यातला भेळवाला हात बांधून बसलेला. समोर चुरमुऱ्याचं पोतं अर्धं भरलेलं, चिंचेच्या पाण्यावर साय धरल्यासारखा थर आलेला, कांदा चिरून ठेवलेला तो कडेनं सुकायला लागलेला. मी म्हटलं काका काय झालं. म्हणाले, "काय नाही, पोरं आली तर वाटून टाकतो आता." आणि खरंच वाटली त्यांनी, गल्लीतली बारकी पोरं ओंजळ धरून उभी होती. भाड्यातले अर्धे मी परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत, म्हणाले "भाडं राहू दे, फक्त पुढच्या वर्षी बोलवू नका." त्या वर्षी आमच्या वहीत भाड्याची जमा भरपूर होती. पुढच्या वर्षी २२ पैकी ७ जण आले, आणि लक्ष्मीपुरीतल्या किराणावाल्यापासून आईस्क्रीमवाल्यापर्यंत सगळीकडं आमच्या मेळाव्याचं नाव झालेलं. गाव मोठं दिसतंय पण खाण्याच्या धंद्यातली माणसं एकमेकाला ओळखतात, पहाटे मार्केटात सगळे एकत्रच असतात.

म्हणून आता नियम असाय, एका पदार्थाचे जास्तीत जास्त दोन स्टॉल, आणि ज्यानं जे सांगितलं तेच विकायचं. डोसेवाल्यानं संध्याकाळी सातला गर्दी बघून हळूच पावभाजीचा तवा चढवायचा नाही. हा मेन्यू आधी लिहून घ्या, भाड्यापेक्षा यावर जास्त भांडणं होतात.

आता तुम्ही म्हणणार, २० गुणिले ३००० म्हणजे ६० हजार येणार होते, तुमच्या हिशेबानं जास्तीत जास्त चौदा-साडेचौदा हजार येतात, मग मंडपाचं बिल कोण भरणार? बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर इथंच बहुतेक कमिट्या फसतात. खाण्याच्या स्टॉलमधनं मेळाव्याचा खर्च काढायचा नसतो. खाण्याचे स्टॉल माणसं आणतात. पैसे देतात ते दुसरेच, दुचाकीचं शोरूम, पाण्याच्या फिल्टरवाले, विमावाले, क्लासवाले, सोलरवाले. त्यांना तिथं एक रुपयाची विक्री नको असते, त्यांना १६० घरांचे फोन नंबर आणि चार माणसं उभी राहून ऐकणारी पाहिजे असतात. त्यांच्या जाहिरातीच्या बजेटात ४-५ हजार म्हणजे काय नसतं. असे चार-पाच स्टॉल घ्या, खाण्याच्या रांगेच्या तोंडाशी लावा, आणि गेटवर दोन बॅनरची जागा विका. आमचा मंडप आणि लाईट गेली सहा-सात वर्षं यातनंच निघतो. लहान मुलांची मिकी माऊसची हवा भरायची घसरगुंडी असते ना, त्याच्याकडनं मात्र मी टक्केवारी घेतो, कारण तिथं तिकीट फाडलं जातं, तिकीटबुक आपलं आणि मोजायला सोपं.

टक्केवारी म्हटल्यावर त्या मेंबरचं पण सांगतो. कल्पना चांगली आहे, स्टॉलवाल्यालाही न्याय्य वाटते कारण धंदा झाला तर द्यायचं नाहीतर नाही. घोडं अडतं ते मोजणीत. विक्री किती झाली हे कोण सांगणार? आम्ही एक वर्ष केलं हे. लोणी डोसेवाला रात्री दहाला हिशेबाला आला, म्हणतो ४१ डोसे गेले. मी त्याचे पिठाचे दोन डबे येताना बघितलेले, वीस-वीस लिटरचे, जाताना टेम्पोत चढवायला एका हातानं उचलत होता. एका लिटरात सात-आठ डोसे तरी पडतात, तुम्हीच गुणाकार करा. क्यूआर कोड बघायला मागितला तर तो त्याच्या मेव्हण्याच्या नावावर. आता याला काय म्हणायचं? मी काय म्हटलं नाही, ४१ चेच पैसे घेतले. पण मनात अढी राहिली ती राहिलीच, आणि जो माणूस प्रामाणिकपणे ९० प्लेटा सांगून पैसे देऊन गेला त्याला हे कळल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं. टक्केवारीत खरं बोलणाऱ्याला दंड बसतो हो.

टक्केवारी चालते ती फक्त कुपनवर. म्हणजे गिऱ्हाइकानं रोख किंवा फोनवरनं पैसे स्टॉलला द्यायचेच नाहीत, गेटजवळच्या काउंटरवर १०, २०, ५० ची कुपनं घ्यायची, स्टॉलवाला कुपन घेणार आणि रात्री कुपनांचा गठ्ठा देऊन आपला टक्का कापून पैसे नेणार. शाळेच्या मेळाव्यात आम्ही हे करतो कारण तिथं गर्दीचा अंदाजच येत नाही, कुठली बॅच किती येणार देव जाणे. पण याला माणसं लागतात. काउंटरवर किमान तीन जण, नाहीतर रांग रस्त्यापर्यंत जाते आणि रांग बघून कुटुंबं परत फिरतात. कुपनावर सही-शिक्का पाहिजे, प्रत्येक वर्षी रंग वेगळा पाहिजे, कारण मागच्या वर्षीची उरलेली कुपनं घेऊन येणारे महाभाग असतात. उरलेल्या कुपनांचे पैसे त्याच रात्री परत द्यायचे, ते आपले नव्हेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टॉलवाल्याचा हिशेब त्याच रात्री, तिथंच, टेबल टाकून, सगळ्यांच्या देखत. "उद्या या" म्हटलं की संपलं, त्याला सकाळी मार्केटात रोख लागते. तुमच्या १६० घरांसाठी एवढा उपद्व्याप मी करणार नाही. ठराविक भाडं घ्या, मोकळे व्हा.

बचत गटाच्या ताईंचं. इथं माझं मत जरा कडू आहे पण ऐका. फुकट देऊ नका. दोनशे-तीनशे का होईना, घ्या. त्यांच्याकडनं पैसे काढायचे म्हणून नव्हे, तर फुकट घेतलेला स्टॉल आदल्या रात्री सहज रद्द होतो. "ताईंच्या सासूबाईंना बरं नाही," "पाहुणे आले." आम्ही फुकट दिलेल्या पाच स्टॉलपैकी तीन ऐनवेळी मोकळे राहिले, नुसती टेबलं आणि त्यावर पांढरी चादर, मंगल कार्यालयात वऱ्हाड यायच्या आधीचं असतं तसं. तीनशे भरलेली बाई मात्र पाऊस आला तरी येते, कारण पावती फाडलेली असते.

दुसरी गोष्ट, घरगुती स्टॉल आणि धंदेवाईक स्टॉल यांचं भाडं वेगळं ठेवा पण ते सगळ्यांना आधी सांगा, लपवून नको. आणि किमतीवर नजर ठेवा. घरच्या बायका स्वतःची मजुरी धरत नाहीत, गॅस घरचाच, तेव्हा त्या ३० ला देतात ते धंदेवाल्याला ५० ला पण परवडत नाही. मग तो येऊन तुमच्याशी भांडतो, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही, त्यानं चौपट भाडं दिलंय. आमच्यात आता असं ठरलंय की घरगुती स्टॉलनी बाहेर सहसा मिळत नाही ते करायचं, धपाटी, आंबोळी, खर्डा-भाकरी, उकडीचे, कुणाचं माडगं. वडा, भेळ, पावभाजी, डोसा धंदेवाल्यांना. दोन्ही रांगा सुखी. एका आज्जींचं हुलग्याचं माडगं तर असलं चालतं की साडेसातला संपतं आणि मग त्या खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या स्टॉलवर काय चाललंय ते बघत बसतात.

लाईट. भाड्यात लाईट धरली आहे का नाही हे एका ओळीत लिहा, हा सगळ्यात जास्त पेटणारा विषय. भाड्यात एक बल्ब आणि एक साधा पॉईंट द्या, त्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे ते आधी सांगायचं आणि त्याचे वेगळे पैसे. एकदा सँडविचवाल्यानं न सांगता इंडक्शन आणलं आणि शेजारच्यानं ओव्हन, दोघं एकाच बोर्डावर. इंडक्शन दोन हजार वॅट, ओव्हन पंधराशेच्या वर, १५ अँपिअरच्या पॉईंटला साधारण ३४०० वॅटपर्यंतच जमतं. ट्रिप झालं, वायरमनला फॉल्ट सापडेना, पाऊण तास अख्खी रांग अंधारात. त्याच रांगेत कॉकटेल आईस्क्रीमवाला, त्याचा डीप फ्रीझर बंद. आपल्या कोल्हापूरच्या कॉकटेलमध्ये आईस्क्रीम गेलं तर मग राहिलं काय, फळं आणि जेली. त्यानं भाडं परत मागितलं, मी मुकाट दिलं, चूक माझीच होती. तेव्हापासून फ्रीझरवाल्याची लाईन वेगळी, जनरेटरला जोडलेली, आणि त्याचे दोन दिवसांचे ३०० जास्तीचे तो स्वतःहून देतो. कनेक्शन पण महावितरणकडनं तात्पुरतं रीतसर घ्या, कुणाच्या तरी गॅरेजमधनं वायर ओढू नका.

गॅसचा सिलिंडर हॉटेलचा, १९ किलोचाच पाहिजे, घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर स्टॉलवर चालत नाही, आणि पकडलं तर स्टॉलवाल्याबरोबर आयोजक पण उभा राहतो. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर धंदेवाल्यांकडनं भाड्याच्या पावतीवरच लिहून घ्या. थर्माकोलच्या डिशा नको, आपल्या राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. द्रोण-पत्रावळीचा गठ्ठा कमिटीनंच घाऊक आणून स्टॉलला खरेदीच्या भावात दिला तर सगळ्यांचंच भागतं, आम्ही तसंच करतो.

अनामत जरूर घ्या, धंदेवाल्याकडनं हजार, घरगुतीकडनं पाचशे. कशासाठी, तर तेलासाठी. वड्याच्या कढईखाली पेव्हिंग ब्लॉकवर तेलाचा जो राप बसतो तो पाण्यानं जात नाही, लाकडाचा भुसा टाकून, सोडा टाकून ब्रशनं घासावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरनं शाळेला जाणारं पोरगं घसरतं. आमच्याकडं घसरलं एक, कोपर फुटलं. कढईखाली पत्रा किंवा जाड पुठ्ठा सक्तीचा करा. पण अनामत कापायची असंल तर जागा ताब्यात देतानाचा आणि परत घेतानाचा फोटो पाहिजे, नाहीतर "हे आधीचंच होतं" यावर रात्री अकराला वाद घालत बसाल आणि तीनशे रुपयांसाठी माणूस तोडाल. आणि जे व्यवस्थित झाडून गेले त्यांची अनामत त्याच रात्री परत, मोजून हातात. हे एकदा केलं की पुढच्या वर्षी अनामतीवर कोण तोंड वाकडं करत नाही.

पैसे कधी घ्यायचे, तर अर्धे विसार म्हणून आधी आणि उरलेले स्टॉल मांडायच्या आधी. नंतर देतो म्हणणाऱ्याला गोड बोलून नाही म्हणा. संध्याकाळी गल्ला भरला की भाडं जड वाटतं, गल्ला नाही भरला तर मागायला तुम्हालाच जड वाटतं. रद्द झालं तर काय हे पण आताच ठरवा. आमचं असाय की आठ दिवस आधी सांगितलं तर विसार परत, त्यानंतर नाही, आणि आमच्यामुळं म्हणजे पाऊस, परवानगी, काहीही, मेळावा झाला नाही तर सगळ्यांचं सगळं परत. जानेवारीत पाऊस नसतो म्हणाल, पण अवकाळीनं आमचं एक वर्ष धुतलंय.

जागा वाटताना चिठ्ठ्या टाका, सगळ्यांच्या समोर, लहान पोराकडनं उचलून. गेटजवळच्या जागेला लोक जास्त पैसे द्यायला तयार असतात पण मी घेत नाही, कारण ती जागा वाटते तेवढी चांगली नसतेच. गेटमधनं आत आलेला माणूस आधी पूर्ण चक्कर मारतो, मग ठरवतो. चांगली जागा म्हणजे खुर्च्यांच्या जवळची. सगळ्यात वाईट स्पीकरच्या पुढची, तिथं गिऱ्हाईक "एक तिखट" म्हणतं आणि मिळतात दोन गोड. स्पीकरसमोर जी जागा येईल तिचं भाडं निम्मं करा नाहीतर तिथं चपला ठेवायची सोय करा.

आणि एक भाडं असंय की जे कुठल्याच पावतीवर नसतं. कमिटीचा फुकटा. तुमची कमिटी समजा १४ जणांची, प्रत्येकाची बायको-पोरं धरली तर ५०-५५ माणसं, आणि प्रत्येकजण "टेस्ट करून बघतो" म्हणत प्रत्येक स्टॉलवर एक-एक प्लेट. स्टॉलवाला नाही म्हणत नाही, हसतो. पण मी तिकडच्या बाजूला उभा राहिलोय, कट वड्याच्या ३० प्लेटा कमिटीत गेल्या की त्या दिवसाचं आमचं भाडं डबल व्हायचं. एकदा तर एका ठिकाणचे पदाधिकारी पार्सल घेऊन गेले, घरी आलेल्या पाहुण्यांसाठी. आम्ही आता कमिटीच्या प्रत्येकाला मंडळाच्या खर्चानं दोनशेची कुपनं देतो आणि स्टॉलवाल्यांना आधीच सांगतो की कुपन नसंल तर कुणालाच फुकट द्यायचं नाही, अध्यक्षाला पण नाही. तुम्ही भाडं पैशानं कमी करू शकत नसाल तर निदान हे करा, त्यांना फरक कळतो.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते पण सांगतो नाहीतर माझे आकडे तसेच उचलाल. तुमचं मैदान मेन रोडला लागून असंल आणि बाहेरचं येणारं-जाणारं गिऱ्हाईक मिळत असंल तर माझा साडेसातशेचा आकडा कमी पडंल, मग १२ चे १५ करा, भाडं पण थोडं वाढवा. स्टेजवर काही कार्यक्रम असंल तर लोक थांबतात आणि दोनदा खातात, पण कार्यक्रम चालू असताना विक्री पडते आणि मध्यंतरात एकदम सगळे तुटून पडतात, तेव्हा पटापट हात चालणारा स्टॉल पाहिजे. मिसळवाल्यानं विचारलं तर त्याला संध्याकाळचं नको म्हणा, आपल्यात मिसळ सकाळची, संध्याकाळी लोक नावाजतात आणि पुढं जातात. रविवारी सकाळचं सत्र ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी, मग मिसळवाला सगळ्यांच्या वरचं भाडं देईल आणि तरी खूश असंल. आणि त्या रविवारी शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची फुटबॉल मॅच आहे का बघा, असंल तर निम्मी तरणी पोरं तिकडं. रक्कम मोठी होत असंल किंवा संस्था नोंदणीकृत असंल तर भाड्याच्या पावत्या आणि जीएसटीचं काय ते तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या, तो माझा प्रांत नाही.

स्टॉलवाल्यांना परत फोन करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज टाका, मी टाकतो तसा लिहून देतो, आकडे तुमचे बघून बदला: "खाण्याचे स्टॉल फक्त १२. एका पदार्थाचे जास्तीत जास्त दोन. दोन दिवसांचं भाडं १२००, घरगुती ३००. अनामत १००० आणि ५००, जागा साफ असेल तर त्याच रात्री परत. भाड्यात एक टेबल, एक बल्ब, एक साधा पॉईंट, पाणी आणि कचऱ्याचा ड्रम. फ्रीझर असेल तर ३०० जादा. अपेक्षित गर्दी रोज ७०० ते ८००. निम्मं भाडं विसार म्हणून आधी, बाकी मांडणीच्या आधी. जागा चिठ्ठीनं. कमिटीला फुकट काही द्यायचं नाही." गर्दीचा खरा आकडा टाकायला लाजू नका. जे फोन उचलत नव्हते त्यातले निम्मे तरी तासाभरात उलटा फोन करतील, कारण त्यांच्या डोक्यातला हिशेब तुम्हीच करून पाठवलाय.

आणि तारीख पक्की करायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर एकदा बघा. शनिवारी संकष्टी येत असंल तर चिकन सिक्स्टीफाईव्हवाल्याला आत्ताच सांगून फक्त रविवारचं ६०० भाडं घ्या, आणि शनिवारी त्या जागेवर साबुदाणा वडा करणारी कॉलनीतली एखादी काकू बघा. चंद्रोदय व्हायच्या आत तिचा वडा संपतो का नाही बघा.